यंदा विशारद झालेल्या मुलामुलींना खुले पत्र

प्रिय विद्यार्थ्यांनो,

गाण्याच्या विशारद परीक्षेचा निकाल लागला. पेढे वाटून झाले असतील, कुणी गुरुजींच्या पाया पडून आलं असेल, कुणी प्रमाणपत्र चौकटीत बसवायला टाकलं असेल. तुम्हा सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा म्हणजे सात वर्षं, आणि मध्ये एखादं वर्ष दहावी-बारावीत गेलेलंच असतं. एवढा काळ एखाद्या गोष्टीला धरून राहणं आजच्या दिवसांत सोपं नाही, हे क्लास चालवणाऱ्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

मी एका तालुक्याच्या गावी गाणं शिकवते. हे पत्र एका मागणीसाठी लिहितेय आणि ती मागणी आधीच सांगून टाकते. तुमच्यापैकी प्रत्येकाने यंदापासून शिकवायला बसावं. मैफली करा, नाट्यपदं गा, स्टुडिओत जा, इंजिनिअर व्हा, बँकेत लागा; त्यातलं काहीही सोडू नका. पण आठवड्यातल्या दोन संध्याकाळी चार मुलं समोर घ्या आणि त्यांना सा लावायला शिकवा.

ही मागणी मी कुणाच्या जोरावर करतेय ते सांगायला हवं. तुमच्या हातात जो कागद आहे तो ज्या घराण्यातून आला, त्या घराण्याचे मूळपुरुष पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर. शास्त्राच्या पेपरला त्यांचं जीवनचरित्र तुम्ही लिहिलंय. जन्म १८ ऑगस्ट १८७२, कुरुंदवाड. लाहोरला गांधर्व महाविद्यालय, १९०१. मृत्यू २१ ऑगस्ट १९३१, मिरज. एवढ्यावर बरे गुण पडतात. पण त्यांनी विद्यार्थी कसे घडवले आणि त्या विद्यार्थ्यांनी पुढे काय केलं, हे गाइडमध्ये दोन ओळींत उरकलेलं असतं. मला त्याच दोन ओळींबद्दल बोलायचंय.

मुलगा कीर्तनकाराचा. लहानपणी तोंडाजवळ फटाका फुटला आणि डोळे अधू झाले. उपचारासाठी मिरजेला नेलं, डोळे काही पूर्ववत झाले नाहीत, आणि पुस्तकी शिक्षणाची वाट बंद झाली म्हणून गाणं शिकायला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ठेवलं. मिरजेच्या संस्थानिकांचा आधार होता. बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात घेऊन आलेला माणूस. विद्येसाठी ते स्वतः काय काय सोसून आले होते याच्या कथा तुम्ही ऐकल्या असतील. त्या काळी शिकणं म्हणजे गुरूच्या घरी राहणं, पाणी भरणं, पाय चेपणं, आणि गुरूची मर्जी झाली की एखादी अस्थाई, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, पदरात पडणं. विष्णूबुवा तिथे अशीच वर्षं काढून तयार झाले.

आणि मग एक प्रसंग सांगतात. मिरजेतल्या कुठल्याशा समारंभाचं बोलावणं या तरुण शिष्याला आलं, गुरूंना आलं नाही. का, असं विचारल्यावर उत्तर मिळालं ते साधारण असं, की ते काय, गवईच. शिष्याला राजाश्रय होता म्हणून मान होता. ज्याच्याकडून विद्या घेतली त्याला तो नव्हता. १८९६ साली विष्णूबुवांनी मिरज सोडली. सातारा, बडोदा, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब असं करत ते लाहोरला पोचले. वाटेत राजदरबारी गायले, पण दरबारात राहिले नाहीत. काठेवाडात त्यांनी तिकीट लावून लोकांसमोर जाहीर गाणं केलं. गवयाने लोकांकडून पैसे घ्यावेत, राजाकडून नव्हे, ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

५ मे १९०१. कुठे कुरुंदवाड आणि कुठे लाहोर. भाषा वेगळी, खाणंपिणं वेगळं, ओळखीचं माणूस नाही. तिथे या अठ्ठावीस वर्षांच्या मराठी माणसाने गाण्याची शाळा काढली. असं सांगतात, की सुरुवातीला काही दिवस विद्यार्थी आलेच नाहीत. बुवा ठरलेल्या वेळी येत, तंबोरा लावत आणि एकटेच गात बसत. वेळ संपली की शाळा सुटायची. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्यांच्या कुठल्याही मैफलीच्या वर्णनापेक्षा हेच जास्त भावलं. विद्यार्थी नसला तरी वेळ पाळायची. क्लास काढून बसलेल्या कुणालाही विचारा, रिकाम्या सतरंजीसमोर बसणं किती कठीण असतं.

हळूहळू मुलं आली, मोठी माणसं आली, पुढे मुलींचे आणि बायकांचेही वर्ग सुरू झाले. वेळापत्रक, इयत्ता, परीक्षा, पदवीदान, छापील पुस्तकं. शाळेत जे जे असतं ते सगळं त्यांनी गाण्यात आणलं. गाणं कागदावर उतरवायची लिपी स्वतः बसवली. स्वतःचा छापखाना घातला, ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचं मासिक काढलं. शिकवायला पुस्तक नाही? मग लिहू. छापायला कुणी तयार नाही? मग छापू.

त्यांची लिपी, खरं सांगायचं तर, डोळ्यांना जड आहे. त्याच काळातले संगीतशास्त्रकार पंडित भातखंडे यांची लिपी सोपी, म्हणून ती जास्त पसरली, आणि ते योग्यच झालं असं मी मानते. काही जुन्या बंदिशींचे शृंगारिक शब्द काढून बुवांनी तिथे भक्तीचे शब्द घातले. तेही मला सगळीकडे पटत नाही. शब्द बदलला की बंदिशीचा श्वास बदलतो, हे तुम्हीही गाताना अनुभवलं असेल. कारण मात्र समजतं. भल्या घरच्या मुलीने गाणं शिकायचं म्हटलं की घरात रडारड व्हायची असा तो काळ. त्या घराचं दार उघडायचं म्हणून त्यांनी ते केलं. पण त्या दारातून ज्या आत आल्या त्यांच्याबद्दल आपण बोलतो, आणि ज्या गाणाऱ्या बायकांनी पिढ्यानपिढ्या हीच विद्या जपली होती त्यांना या नव्या शाळांत कितपत जागा मिळाली, हे विचारत नाही. तुम्ही विचारा. बुवांवर प्रेम असूनही विचारता येतं.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते: उपदेशक वर्ग.

महाविद्यालयात फी भरून तासाला येणारे विद्यार्थी होतेच. त्यांच्याशिवाय काही निवडक मुलं बुवा स्वतःजवळ ठेवून घेत. जेवण, कपडे, राहणं, शिक्षण सगळं फुकट. त्याबदल्यात पालकांकडून करार लिहून घ्यायचा, की मूल नऊ वर्षं इथेच राहील, मधूनच नेणार नाही. मुलांनी पहाटे उठून मेहनत करायची, संस्थेची पडेल ती कामं करायची, आणि खालच्या वर्गांना शिकवायचं. या वर्गाचं नावच उपदेशक, म्हणजे ज्याने पुढे शिकवायचं आहे तो. दहा-बारा वर्षांच्या पोराला घेतानाच त्यांनी ठरवलेलं असे, की हा उद्या कुठल्यातरी गावात जाऊन शाळा काढणार.

हा सगळा खर्च चालायचा कशावर? बुवांच्या स्वतःच्या गाण्यावर. त्या काळातले पहिल्या रांगेतले गवई, पण मैफलीची बिदागी संस्थेत जायची. गावोगाव हिंडायचं, गायचं, पैसे आणायचे, पोरांच्या पानात वाढायचे. आपल्याकडे मोठ्या कलावंताने मोठेपणी थोडं शिकवणं हे कौतुकाचं मानतात. इथे उलटं आहे. त्यांचं गाणंच शिकवण्यासाठी राबत होतं.

शिस्त कडक होती. आजच्या हिशेबाने फारच कडक. परवानगीशिवाय बाहेर गायचं नाही, हे नाही, ते नाही. मला वाटतं, त्या वयाच्या मुलांना आईची आठवण येत असेल, कुणी रडतही असेल. ते सगळं गोड करून सांगायची मला गरज वाटत नाही. पण त्यातली बरीच मुलं पुढे काय करती झाली ते बघा, कारण शिक्षकाचं माप त्यातच कळतं.

नारायण मोरेश्वर खरे. हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं असेल मला शंका आहे. गांधीजींना साबरमतीच्या आश्रमासाठी संगीत शिक्षक हवा होता. त्यांनी विष्णू दिगंबरांकडे मागणी केली आणि बुवांनी आपला हा शिष्य पाठवला. खरेशास्त्री आश्रमात गेले ते आश्रमाचेच झाले. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेतलं गाणं त्यांच्याकडे. वेगवेगळ्या भाषांतली भजनं गोळा करून ‘आश्रम भजनावली’ त्यांनी सिद्ध केली. १९३० साली दांडीला निघालेल्या पहिल्या तुकडीत ते होते. ज्याने मैफलीत नाव काढलं असतं असा तयार गवई, रोज पहाटे शेतकरी, विणकर, विद्यार्थी, घरातल्या बायका अशा सगळ्यांकडून एका सुरात प्रार्थना म्हणून घेत होता. बेसूर माणसांना सुरात आणणं हे किती मेहनतीचं काम आहे, हे शिकवायला लागल्यावर तुम्हाला कळेल. १९३८ साली हरिपुरा काँग्रेसच्या वेळी ते वारले. त्यांच्या कामाचा आवाज किती दूर गेला याची मोजदाद कुणालाच करता येणार नाही.

ओंकारनाथ ठाकूर तुम्हाला माहीत आहेत, निदान यूट्यूबवरून. भडोचमधलं अत्यंत गरिबीतलं बालपण, एका पारशी सद्गृहस्थांच्या मदतीने मुंबईला विष्णू दिगंबरांकडे आगमन. विशीही धड पूर्ण झालेली नसताना, १९१६ मध्ये, गुरूंनी त्यांना लाहोरच्या महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून पाठवलं. तुमच्यापैकी अनेकांच्या वयाचे होते ते! पुढे देशात-परदेशात कीर्ती झाली, आणि १९५० साली बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचं महाविद्यालय उभं करायची जबाबदारी त्यांनी घेतली. त्यांच्या शिष्या एन. राजम यांचं व्हायोलिन जेव्हा गायल्यासारखं वाजतं, तेव्हा त्यात ओंकारनाथांचं शिकवणं ऐकू येतं.

विनायकराव पटवर्धन मिरजेचे. लहान वयात लाहोरला गेले, शिकले. १९२२ मध्ये गंधर्व नाटक मंडळीत दाखल झाले आणि बालगंधर्वांसमोर नायक म्हणून उभे राहिले. महाराष्ट्रात त्या वेळी याहून मोठं भाग्य कलावंताच्या वाट्याला क्वचितच येत असेल. गुरूंना मात्र शिष्याचं नाटकात जाणं रुचलेलं नव्हतं. १९३१ मध्ये गुरू गेले. १९३२ मध्ये विनायकरावांनी रंगभूमी सोडली आणि त्याच वर्षी ८ मे रोजी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. पुढची चाळीसहून अधिक वर्षं त्यांनी शिकवलं, ‘रागविज्ञान’चे भाग लिहिले, आणि त्याच वेळी देशभर गायलेही. त्यांचे तराणे ऐका. शिकवण्याने गळा बिघडतो, असं जे काही लोक तुम्हाला सांगतात, त्यांना ते तराणे ऐकवा.

बुवांचे आणखी एक शिष्य शंकरराव बोडस कानपूरला गेले, त्यांचे बंधू लक्ष्मणराव कराचीला. कानपूरच्या त्या घरात जन्मलेली मुलगी म्हणजे गायिका वीणाताई सहस्रबुद्धे. त्यांचे बंधू काशिनाथ बोडस यांच्या बंदिशी आज तुम्ही-आम्ही गातो. गावोगाव पाठवलेल्या त्या पोरांची घरं कशी फुलली ते यात दिसतं. शंकरराव आणि नारायणराव व्यास हे कोल्हापूरचे दोघे भाऊ. नारायणरावांच्या ध्वनिमुद्रिका घराघरात वाजल्या. शंकररावांनी शिकवलं, चित्रपटांना संगीत दिलं, संस्थेचं काम ओढलं. दिल्लीचं गांधर्व महाविद्यालय १९३९ मध्ये काढलं ते विनयचंद्र मौद्गल्य यांनी, म्हणजे विनायकरावांच्या शिष्याने. तिसरी पिढी.

आणि बी. आर. देवधर, ज्यांना सगळे देवधर मास्तर म्हणत. मला स्वतःला या सगळ्या शिष्यांत तेच सगळ्यात जवळचे वाटतात. गुरूंकडे शिकून झाल्यावर पाश्चात्त्य संगीतही शिकले, आवाज कसा तयार होतो, कसा टिकतो याचा शास्त्रीय अभ्यास केला. १९२५ मध्ये मुंबईत स्वतःची शाळा काढली. आणि मग त्यांनी जे केलं ते त्यांच्या गुरूंच्या शाळेतही झालं नव्हतं: शाळेचं दार सगळ्या घराण्यांच्या उस्तादांना उघडं ठेवलं. बडे गुलाम अली खाँ त्यांच्याकडे येत. असे कितीतरी गुणी लोक येत, गात, विद्या देत. मास्तर ऐकत, टिपून ठेवत, पुढे त्यांच्यावर लिहीत. अशा घरात बेळगावकडचा एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा येऊन राहिला, शिवपुत्र कोमकली, म्हणजे आपले कुमार गंधर्व. तोवर मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवणारा चमत्कार म्हणून तो गाजत होता. देवधर मास्तरांनी त्या चमत्काराला विद्यार्थी केलं. गळ्यावर मेहनत करून घेतली, पण स्वतःच्या गायकीची छाप त्याच्यावर मारली नाही. जे ऐकण्यासारखं ते सगळं ऐकू दिलं. कुमारांनी अंजनीबाई मालपेकरांकडूनही विद्या घेतली. पुढे देवासला जाऊन कुमारजी जे गायले ते कुणाचीच नक्कल नव्हतं.

विष्णू दिगंबरांचा शिष्य आणि कुमार गंधर्वांचा गुरू एकच माणूस आहे, हे मनात घोळवून बघा. गुरू कडक शिस्तीचा, परंपरेचा अभिमानी. नातशिष्य सगळ्या चौकटी हलवणारा. मधल्या माणसाने दोघांनाही सांभाळलं. मधला माणूस शिक्षक होता.

बुवांच्या संस्थेचं पुढे काय झालं तेही सांगते, थोडक्यात. १९०८ मध्ये ते मुंबईला आले. सँडहर्स्ट रोडवर मोठी इमारत उभी केली, त्यासाठी कर्ज काढलं, ते फिटलं नाही आणि १९२४ मध्ये इमारतीचा लिलाव झाला. बुवा नाशिकला रामनाम-आधार आश्रमात जाऊन राहिले. रामायण, भजन. फाळणीनंतर लाहोरही सीमेपलीकडे गेलं. म्हणजे ज्या दोन वास्तू त्यांनी उभ्या केल्या त्यातली एकही आपल्या हातात राहिली नाही.

पण १९३१ मध्ये ते गेले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीला त्यांचे शिष्य एकत्र आले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. तुमच्या प्रमाणपत्राचा उगम तिथे आहे. एकमेकांशी सगळ्यांचं पटत होतं असं मुळीच नाही. मोठी माणसं, मोठे स्वभाव. तरी एकत्र आले.

त्याहून मला मोठी वाटणारी गोष्ट घरातली आहे. बुवांची बहुतेक मुलं लहानपणीच गेली होती. एक वाचलेला मुलगा, दत्तात्रय, वडील गेले तेव्हा दहा वर्षांचा. त्याला गाणं कुणी दिलं? वडिलांच्याच शिष्यांनी. विनायकरावांनी पुण्यात त्याला शिकवलं, नारायणराव व्यासांनी शिकवलं. १९३५ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, तो जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात गायला. तेच आपले डी. व्ही. पलुस्कर, बापूराव. ‘चलो मन गंगा जमुना तीर’ ऐकताना ज्या निर्मळ आवाजाने आपला घसा दाटून येतो, तो आवाज वडिलांनी शिकवलेल्या मुलांनी घडवला. १९५५ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, बापूराव गेले. इतक्या थोड्या आयुष्यात ते जे देऊन गेले ते आजही पुरतंय.

गुरूचं ऋण फेडायचं म्हणजे काय, असं मुलं मला विचारतात; गुरुपौर्णिमेला हार घालायचा का, पाकीट द्यायचं का. मी त्यांना ही गोष्ट सांगते.

आता तुमच्याकडे वळते, कारण तुमच्या मनात काय चाललंय याचा मला अंदाज आहे.

‘मला स्वतःलाच अजून काही येत नाही, मी कुणाला काय शिकवणार?’ विशारद झाल्यावर असं वाटलं नाही तर काळजी करावी. पण आठ वर्षांच्या मुलाला तुमची द्रुतलयीची तान नको असते. त्याला सा हवा असतो. तो तुमच्याकडे आहे.

माझ्या क्लासमधली एक गोष्ट सांगते. एक मुलगी आली, तिसरीतली. आवाज खणखणीत, पण सा लागायचाच नाही. ती सरळ निषादावर, म्हणजे सा च्या खालच्या नी वर, जाऊन उभी राहायची आणि आत्मविश्वासाने गायची. पेटीचा सूर दाबून ‘हा बघ, हा’ म्हणून काही उपयोग झाला नाही. शेवटी पेटी बंद केली, तंबोरा तिच्या मांडीवर दिला, भोपळ्याला कान लावायला सांगितलं आणि म्हटलं, गाऊ नकोस, नुसती हूं कर. तिने हुंकार धरला. पहिल्यांदा खालीच. मग तिलाच काहीतरी खटकलं असावं. कान न काढता तिने हुंकार थोडा वर सरकवला, आणखी थोडा, आणि मिळाला. मिळाल्याबरोबर डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही, कारण तिला ते कळलं होतं. त्या दिवशी रात्री मी माझा रियाज करायला बसले तेव्हा षड्ज, म्हणजे सा, लावून बराच वेळ पुढे सरकलेच नाही. आपण किती वर्षं सा वरून घाईने पुढे जातोय ते त्या पोरीने दाखवलं होतं.

शिकवायला लागलात की हेच होईल. भूप रागात ग वरून प ला कसं जायचं हे तुम्ही गळ्याने जाणता, पण का ते सांगायची वेळ येईल तेव्हा पहिल्यांदा नीट बघाल. टाळी-खाली दाखवत दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत, म्हणायची सवय तुम्हाला परीक्षेपुरती लागलीय. दहा मुलांना एकत्र त्रितालाची दुगुन म्हणायला लावा, मग समेचा खरा अर्थ हातात येईल. उपदेशक वर्गातल्या मुलांना शिकता शिकताच शिकवायला का लावत, ते मला माझ्या क्लासमध्ये बसून समजलं.

‘यात पैसा नाही.’ खरं आहे, फार नाही. लहान गावात तर मुळीच नाही. पण मी तुम्हाला यावर संसार चालवायला सांगत नाहीये. नऊ वर्षांचा करार करायला तर मुळीच नाही. ते दिवस गेले आणि त्यातलं काही गेलं ते बरंच झालं. दोन संध्याकाळ मागतेय. फी घ्या, जरूर घ्या. गवयाने मानाने पैसे घ्यावेत हे बुवांनीच शिकवलं. फक्त एक करा, वर्गात एक तरी मूल असं ठेवा ज्याच्याकडून फी घ्यायची नाही. मात्र बाकीच्यांना ते कळू द्यायचं नाही.

‘हल्ली सगळं ऑनलाइन मिळतं.’ मिळतं, आणि चांगलंही मिळतं. परदेशात राहणारी मराठी मुलं पहाटे उठून पुण्या-मुंबईच्या गुरूंसमोर स्क्रीनवर बसतात, त्यांचं मला कौतुकच आहे. तंबोऱ्याचं ॲपही मी वापरते. पण हुंकार निषादावरून षड्जावर सरकताना बघायला कुणीतरी समोर असावं लागतं. पालकांना स्पर्धा हव्या असतात, टीव्हीवरचे कार्यक्रम दिसत असतात. त्यांना विरोध करत बसू नका. स्पर्धेला पाठवा. हरून आलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी अलंकार, म्हणजे सुरांचे पलटे, म्हणायला बसवणारं माणूस मात्र गावात हवं, आणि ते तुम्हीच असू शकता.

कुठे शिकवायचं? जिथे गाणं पोचलं नाही तिथे. पुण्यात, डोंबिवलीत, ठाण्यात क्लास पुष्कळ आहेत. तिथेही हरकत नाही. पण तुमच्यापैकी कितीतरी जण लहान गावांतून आले आहात, मामाच्या गावी सुट्टीत जाता, नोकरीसाठी नव्या ठिकाणी बदली होते. मराठी मुलगा लाहोरला जाऊन परक्या भाषेत शिकवू शकला, बोडस कानपूरला जाऊन राहू शकले, तर तुम्हाला आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा लांब नाही. मुख्याध्यापकांना भेटा. परिपाठाच्या वेळची प्रार्थना सुरात म्हणवून घेतो, एवढंच सांगा. त्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. प्रार्थनेतून दोन-तीन कान सापडतात, आणि मग ती मुलं आपण होऊन मागे मागे येतात.

सामान फारसं लागत नाही. एक सतरंजी, सूर धरायला तंबोरा किंवा फोनमधला तंबोरा, जमली तर जुनी पेटी. पुस्तक पहिल्या सहा महिन्यांत काढूच नका. मुलांना ऐकवा भरपूर: बापूराव ऐकवा, वीणाताई ऐकवा, कुमारजी ऐकवा. आणि वेळ पाळा. कुणी आलं नाही तरी ठरलेल्या वेळी तंबोरा लावून बसा.

पहिला वर्ग कुठे, कधी सुरू केलात ते तुमच्या गुरुजींना किंवा बाईंना जाऊन सांगा. आम्हा शिक्षकांना विशारदच्या निकालाचा आनंद होतोच, पण ही बातमी ऐकायला आम्ही जास्त आतुर असतो. आणि अडलं, मुलं कंटाळली, पालक भांडले, एखाद्याचा सूर काही केल्या लागेना, तर लाज न बाळगता विचारायला या. आम्ही संध्याकाळी क्लासमध्येच असतो.

तुमची,
तालुक्याच्या गावातली एक गाण्याची बाई